उद्याची सबब

आपल्या नित्याच्या बोलण्यातील काही शब्द दिसावयास अगदी निरुपद्रवी असतात. परंतु ते माणसाचे नुकसान मात्र फार करतात. 'उद्यापासून' हा अशा शब्दांपैकी एक होय. मराठीत 'उद्या', आमच्या कोकणीत 'फाल्यां', हिंदीत 'कल'. भाषा बदलली तरी या शब्दाची गोडी कमी होत नाही. हिंदीत तर कालचा दिवसही 'कल' आणि उद्याचा दिवसही 'कल'; आणि आपण टाळलेल्या कामांचा इतिहास पाहिला, तर त्या भाषेने काही चूक केली आहे असे वाटत नाही! उद्यापासून पहाटे उठेन, उद्यापासून चहातील साखर कमी करीन, उद्यापासून रात्री दात घासूनच निजेन, उद्यापासून रोज अर्धा तास चालावयास जाईन, ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. त्यांत खोटे असे काही नसते. बोलणारा मनापासून बोलत असतो, आणि खरी अडचण तेथेच आहे.

'मी व्यायाम करणार नाही' असे म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. त्याला चार गोष्टी समजावून सांगता येतात. परंतु 'उद्यापासून करतो' असे म्हणणाऱ्याला काय समजावणार? त्याला सारे पटलेलेच असते. कळते पण वळत नाही, अशी त्याची अवस्था असते. म्हणूनच आरोग्याच्या सवयींविषयी शाळेत आणि घरी जी व्याख्याने होतात, त्यांपैकी बहुतेक वाया जातात असे माझे मत आहे. ती व्याख्याने कळण्यासाठी असतात. आणि प्रश्न तर वळण्याचा असतो.

अभ्यासातील चालढकल आणि आरोग्यातील चालढकल यांत एक मोठा भेद आहे. अभ्यास कितीही पुढे ढकलला, तरी परीक्षेचा दिवस ठरलेला असतो; त्या दिवशी हिशेब द्यावाच लागतो. शरीराच्या परीक्षेचे वेळापत्रक कोणी फळ्यावर लावीत नाही. आज खेळलो नाही म्हणून उद्या काही बिघडत नाही. परवाही बिघडत नाही. हा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी एकदम पुढे येतो, आणि तोपर्यंत 'उद्या' म्हणण्याची सवय मात्र पक्की झालेली असते.

हा हिशेब काल्पनिक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेही प्रौढांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक कोठे, तर आपल्या गोव्यात! वीस वर्षांवरील शंभर माणसांत येथे २६ हून अधिक मधुमेही आढळले; देशाची सरासरी ११.४ आहे. म्हणजे चार प्रौढ माणसे एका पडवीत बसली असतील, तर त्यांतील एकाला तरी हा विकार असावयाचा. याचे सारे खापर चालढकलीवर फोडणे अन्यायाचे होईल. आनुवंशिकता, वाढते वयोमान, आहारातील बदल, बैठी कामे अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. तथापि जी कारणे आपल्या हाती आहेत, ती बहुधा सवयींच्या रूपानेच आपल्या हाती आहेत, हे विसरून चालणार नाही.

याची दुसरी, आशादायक बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याच देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यापैकी ५५ टक्के माणसांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्याफिरण्याकडे आणि आहाराकडे नियमाने लक्ष पुरविले गेले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर राहिले. रोजचे चालणे आणि ताटातील थोडा बदल यांना एवढे सामर्थ्य आहे. मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाकाठी सरासरी साठ मिनिटे तरी घाम येईल अशी हालचाल करावी. याच संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक मुले एवढी हालचाल करीत नाहीत असे दिसून आले. तेव्हा हा दोष एका गावाचा वा एका शाळेचा नाही, हे उघड आहे.

आता मूळ प्रश्न असा की, माणूस स्वतःच्या हिताची गोष्ट पुढे का ढकलतो? याला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : 'आळशी आहे, दुसरे काय!' हे उत्तर सोपे आहे. पण ते बरोबर आहे असे मला वाटत नाही. व्यायामाला कंटाळणारा मुलगा भर उन्हात दोन तास क्रिकेट खेळताना आपण पाहतो. रात्री दात घासण्यासाठी दोन मिनिटे नाहीत असे म्हणणारी मुलगी मैत्रिणीच्या वहीतील आकृत्या तासभर मन लावून उतरवून घेते. याला आळस कसे म्हणावे? महाभारतातील विदुरनीतीत माणसाने टाकावयाचे सहा दोष सांगितले आहेत. त्यांत आलस्य आणि दीर्घसूत्रता हे दोन दोष वेगवेगळे मोजलेले आहेत, आणि त्याच यादीत भयही आहे. आपल्या पूर्वजांना जो भेद दिसला होता, तो आपण घाईघाईने पुसून टाकतो आणि मुलाच्या कपाळावर 'आळशी' असा शिक्का मारून मोकळे होतो.

अलीकडील मानसशास्त्र याच दिशेने बोलते. चालढकल हा वेळेच्या हिशेबातील घोटाळा कमी आणि मनाच्या अवस्थेतील घोटाळा अधिक, असे अनेक अभ्यासक मानतात. एखादे काम डोळ्यांपुढे आले की त्याबरोबर कंटाळा, भीती, संकोच किंवा आपल्याला जमणार नाही अशी शंका मनात उभी राहते. काम पुढे ढकलले की ती भावना तात्काळ नाहीशी होते आणि मनाला हलके वाटते. हे हलके वाटणे म्हणजेच चालढकलीचे बक्षीस. ते आत्ता मिळते. व्यायामाचे बक्षीस मात्र काही वर्षांनी मिळावयाचे असते. जवळचे लहान सुख दूरच्या मोठ्या सुखाहून मोठे दिसावे, हा मनाचा धर्मच आहे. स्थूल मुलाला मैदानावर धावताना सोबती हसले, तर त्याच्या 'उद्यापासून'मागे आळस नसून लाज असते. तेथे उपदेशाचा काय उपयोग? तेथे हसणाऱ्यांना आवरावयास हवे.

मोठमोठे संकल्प हेही चालढकलीचेच एक प्रतिष्ठित रूप आहे, असे म्हटले तर कित्येकांना राग येईल. पाडव्यापासून, नव्या वर्षापासून, शाळा सुरू झाली की पहिल्या दिवसापासून, अशी मुहूर्ताची वाट पाहणे आपल्याला फार आवडते. पहाटे चारला उठणे, पन्नास सूर्यनमस्कार, थंड पाण्याने स्नान, गोड पूर्ण वर्ज्य असा भव्य आराखडा तयार होतो. आराखडा करतानाच एवढे समाधान लाभते की, काम केल्यासारखेच वाटू लागते! चौथ्या दिवशी पाऊस लागतो, पाचव्या दिवशी पाहुणे येतात, आणि सारी इमारत कोसळते. मग पुढच्या मुहूर्तापर्यंत सुटी. संकल्प जितका मोठा, तितकी त्याला सबबही लवकर सापडते.

याच्या उलट, जी माणसे रोजचे काम रोज करतात त्यांच्याकडे आपण पाहावे. आमच्या गावांतून उजाडण्याच्या सुमारास पदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू येतो. सूर काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माड चढतो; त्याने आज पोयीला काप दिला नाही, तर उद्या सूर गळणार नाही. या माणसांनी कधी भिंतीवर संकल्प लिहून लावल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या कष्टाळूपणाविषयी मला आदर आहेच. परंतु त्यांच्या कामाची घडणही पाहण्यासारखी आहे. कामाची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, साधने हाताशी, आणि एक काम झाले की पुढचे कोणते याविषयी विचार करण्याची गरजच नाही. 'आज जावे की न जावे' हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज नव्याने उभा राहत नाही. गोव्याच्या माणसाला 'सुशेगाद' म्हणून हिणविण्याची बाहेर एक पद्धत पडली आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत असा आहे. निष्क्रिय असा नाही. पहाटेचे काम पहाटे उरकलेल्या माणसालाच दुपारी खरे सुशेगाद बसता येते. टाळलेले काम मनात घेऊन बसलेल्याला तो निवांतपणा कोठून लाभणार?

तेव्हा उपाय शोधावयाचा तो संकल्पाच्या जोरात नव्हे, तर दिवसाच्या घडणीत शोधावा, असे मला सुचवावयाचे आहे. त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली गोष्ट अशी की, 'काय करीन' याबरोबरच 'केव्हा, कोठे आणि कशाच्या पाठोपाठ करीन' हे ठरवावे. ब्रिटनमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटे जोरकस व्यायाम करावा, एवढीच अपेक्षा होती. काहींना कसलाच उपदेश केला नाही. त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. काहींना व्यायामाचे फायदे पटवून दिले. त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांनी केला. ज्यांना या माहितीबरोबर व्यायामाचा दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवावयास सांगितले, त्यांच्यापैकी मात्र ९१ टक्क्यांनी केला! हा प्रयोग अल्पकाळाचा होता, आणि एका आठवड्याने जन्माची सवय लागत नाही हे खरे. पण सुरुवात होण्यातच ज्यांचे आयुष्य अडले आहे, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. 'मी रोज व्यायाम करीन' हे वाक्य दुबळे आहे. 'सकाळी दात घासून झाले की पडवीत सहा सूर्यनमस्कार घालीन' हे वाक्य सबळ आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. म्हणून जागा निवडताना ती छपराखालची निवडावी, म्हणजे पावसाची सबब उरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आरंभ इतका लहान करावा की तो टाळण्याचीच लाज वाटावी. पन्नास नव्हे, सहा. तासभर नव्हे, दहा मिनिटे. सहा नमस्कारांनी शरीर कमावले जात नाही, हे मला मान्य आहे. त्या सहांचे काम शरीर घडविण्याचे नाही. दार उघडण्याचे आहे. दार रोज उघडू लागले की आत जाणे आपोआप वाढविता येते. परंतु जन्मभर उंबरठ्यावरच उभे राहू नये, एवढे भान ठेवले पाहिजे.

तिसरी गोष्ट वस्तूंच्या मांडणीची. चांगल्या सवयीची साधने जवळ असावी आणि वाईट सवयीची लांब असावी. पाण्याचा तांब्या अभ्यासाच्या जागी भरून ठेवला, तर पाणी पिण्यासाठी आठवण लागत नाही. मोबाइल उशाशी असला, तर रात्री दहाला निजण्याचा निश्चय बारापर्यंत कसा लांबतो हे सांगावयास नको. तो स्वयंपाकघरात ठेवून निजावे. रोज रात्री मोहाशी लढून विजय मिळविणारा वीर खराच. पण मोहाला खोलीबाहेर ठेवून स्वस्थ झोपणारा अधिक शहाणा!

चौथी गोष्ट चुकलेल्या दिवसाविषयी. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात सवयीविषयी फार मार्मिक विवेचन केले आहे. नवी सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. पुढील संशोधनाने या आग्रहाला थोडी मुरड घातली आहे. लंडनमधील विद्यापीठात ९६ जणांनी आहाराची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय बारा आठवडे पाळली. सवय अंगवळणी पडावयास किती दिवस लागतात, हे २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात मोजले गेले. काहींना १८ दिवस पुरले, काहींना २५४ दिवस लागतील असे अनुमान निघाले. मध्यम आकडा ६६ दिवसांचा आला. एकवीस दिवसांत सवय लागते ही जी समजूत सर्वत्र पसरली आहे, तिला या अभ्यासाने दुजोरा मिळत नाही. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही. तेव्हा एक दिवस चुकला तर स्वतःला दूषणे देत बसू नये; दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ठरल्या जागी उभे राहावे. चुकलेला दिवस सवयीला मारीत नाही. 'आता एकदा मोडलेच आहे, तर पुढच्या पाडव्यापासून पाहू' हा विचार मारतो.

यावर कोणी म्हणतील, 'ही सारी सवलतीची भाषा झाली. आमच्या काळी छडी होती, धाक होता. मुले पहाटे उठत होती.' शिस्तीचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु धाकाने लागलेली सवय धाक देणारा असेतोवरच टिकते. शाळा सुटली की तीही सुटते. शिस्तीचेच उदाहरण हवे असेल, तर औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे घ्यावे. त्यांनी सूर्यनमस्काराचा जन्मभर प्रचार केला, तो स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालून. आणि आपल्या संस्थानातील शाळांतून त्याला स्थान देऊन. उपदेश, आचरण आणि वेळापत्रक या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. आपल्याकडे पुष्कळदा उपदेश तेवढा उरतो. कित्येक शाळांतून गणिताचा वा शास्त्राचा पाठ मागे राहिला की, पहिला बळी शारीरिक शिक्षणाच्या तासाचा जातो. परीक्षा जवळ आली म्हणजे तर तो तास केवळ वेळापत्रकावरच दिसतो. 'खेळ काय, पुढेही खेळता येईल' असे आपण शिक्षकच म्हणतो. मुलांना चालढकल शिकविण्याचा याहून परिणामकारक पाठ कोणता असेल? माझे स्पष्ट मत आहे की, हा तास इतर कोणत्याही विषयासाठी घेतला जाऊ नये, आणि घेतला गेल्यास विद्यार्थ्यांनी तो नम्रपणे मागावा.

पालकांनाही एक विनंती आहे. 'उद्यापासून' हा शब्द मूल घरातच शिकते. वडील स्वतः बसल्या जागेवरून मुलाला 'जा, जरा धावून ये' म्हणतात. चहाचे चमचे मोजणारी माणसे मुलाला साखरेचे तोटे सांगतात. मूल कानांनी ऐकत नाही एवढे डोळ्यांनी ऐकते. रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्वांनी मिळून पंधरा मिनिटे चालून यावे. त्याला पैसा लागत नाही आणि व्याख्यानही लागत नाही.

आणि एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कित्येक मुली सकाळी उठून पाणी भरतात, केर काढतात, धाकट्या भावंडांचे डबे भरतात आणि मग धावतपळत शाळेत येतात. संध्याकाळी भाऊ मैदानावर जातो. बहिणीला स्वयंपाकघरात हाक येते. अशा मुलीने 'खेळावयास वेळ मिळत नाही' म्हटले, तर ती चालढकल नव्हे. ती वस्तुस्थिती होय. तिला उपदेश करण्याऐवजी घरातील कामे वाटून घ्यावी आणि तिचा अर्धा तास तिला परत द्यावा. जिच्या हाती आजचाच दिवस नाही, तिला 'उद्यावर ढकलू नकोस' असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? तिच्या आईच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. घरातील सर्वांच्या पथ्यपाण्याची वेळ सांभाळणारी ती माउली स्वतःचे औषध आणि स्वतःची तपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलीत असते, आणि आपण त्याला त्याग असे गोड नाव देऊन मोकळे होतो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हा अंक वाचून मिटविताना कोणताही मोठा संकल्प करू नका. एका कागदावर एकच ओळ लिहा : कोणत्या रोजच्या कामाच्या पाठोपाठ, कोणत्या जागी, कोणती लहानशी गोष्ट करणार. ते रोजचे काम निवडताना शाळेच्या घंटेवर विसंबून राहू नका; कारण मोठी सुटी लागली की घंटा थांबते आणि तिला बांधलेली सवयही थांबते. सकाळी तोंड धुणे, रात्रीचे जेवण, सांजेची दिवाबत्ती ही कामे सुटीतही चुकत नाहीत. त्यांच्याशी आपली गाठ बांधा. तो कागद आईवडिलांना दाखवा आणि त्यांनाही त्यांची एक ओळ लिहावयास सांगा. मग पहिला प्रयोग, मुहूर्त न पाहता, आज संध्याकाळीच करा. दहा मिनिटे पुरेत.